चित्राची पाठ

ओसामू तेझुका यांच्या ‘ॲटम’ या यंत्रबालकाच्या मस्तकावर केसांची दोन टोके शिंगांसारखी उभी असतात. ज्यांनी ते चित्र लक्षपूर्वक पाहिले असेल त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आलीच असेल, की ॲटमने मुख समोर केलेले असो, डावीकडे वळविलेले असो अथवा उजवीकडे, ती दोन टोके पाहणाऱ्याला दोनच आणि सुटी सुटी दिसतात. एकाच्या आड दुसरे सहसा लपत नाही. १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर ॲटमची मालिका सुरू झाली तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी ते मस्तक पाहिले, पण त्यात काही विसंगत आहे असे त्यांना वाटले नाही, कारण कागदावरील रेषेला आपल्या सोयीने जागा बदलण्याची मुभा असते आणि आपला डोळा ती तिला आनंदाने देतो. अडचण उभी राहते ती त्या मस्तकाची मूर्ती घडवायला बसलेल्या कारागिरापुढे. त्याच्या हातातील मातीला लांबीरुंदीबरोबर जाडीही असते, म्हणून ती दोन टोके त्याला कोठेतरी एका जागी कायमची बसवावी लागतात. ती समोरून शोभली तर बाजूने चुकतात, बाजूने साधली तर समोरून परकी वाटतात. चित्राला पाठ नसते. मूर्तीला ती असावीच लागते, आणि ती कशी असावी हे मूळ चित्रकाराने पुष्कळदा सांगितलेलेच नसल्याने तो निर्णय कारागिराला स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा लागतो.

ॲनिमेतील, म्हणजे जपानी चलच्चित्रांतील, पात्रांच्या मूर्ती जमविणे आणि त्यांच्याच कुळातील व्हिडिओ गेम खेळणे या छंदाचे वेड असलेली मुले आज आपल्याकडेही आढळतात; तथापि वीस-बावीस वर्षांच्या मुलाने पहिल्या पगारातून अशी एखादी मूर्ती घेतली की घरातील वडीलधारी मंडळी तिच्याकडे खेळणे म्हणून पाहतात आणि किंमत ऐकून स्तब्ध होतात. त्या वडीलधाऱ्यांविषयी मला आदर आहे, आणि हा लेख मुख्यत्वेकरून त्यांच्यासाठीच लिहीत आहे. माझे प्रतिपादन एवढेच, की हा छंद मुळात पाहण्याचा आहे. सपाट रेषेतून घनाकृती कशी उठते आणि चार-दोन रंगांच्या ठिपक्यांतून धावता-उडता प्राणी कसा उभा राहतो हे ज्याला एकदा दिसू लागले, त्याला पुढे प्रत्येक मूर्तीत आणि प्रत्येक खेळात कोणातरी कारागिराने घेतलेला निर्णय दिसतो, आणि तो निर्णय ओळखण्यातच या छंदाचे सुख साठलेले आहे.

जपानात या मूर्तींना इंग्रजीवरून घेतलेला ‘फिगर’ हाच शब्द रूढ आहे आणि मराठी संग्राहकही तोच वापरतात. मला मात्र या संदर्भात आपल्याच एका शब्दाची आठवण होते. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, त्यावर मांडण्यासाठी मातीचे मावळे, गवळण, वाघ, तोफवाला विकत आणतात, आणि पुण्याकडे त्यांना ‘चित्रे’ म्हणतात. घनाकृती वस्तूला चित्र म्हणण्याची ही वहिवाट एखाद्या व्याकरणकाराला रुचणार नाही, पण फिगर म्हणजे काय हे तिच्याइतके नेमके मी अन्यत्र वाचलेले नाही. फिगर म्हणजे हातात धरता येणारे चित्र.

ही कला रुजली ती मोठ्या कारखान्यांच्या बाहेर. ओसाका प्रांतात १९६४ साली ओसामू मियावाकी यांनी ‘काइयोदो’ या नावाने प्रतिकृतींचे एक दुकान थाटले, ते अवघ्या दीड त्सुबोचे, म्हणजे सुमारे पाच चौरस मीटरांचे होते. जहाजे, रणगाडे, विमाने यांचे सुटे भाग खोक्यात भरून विकणारे कारखाने त्या काळी शिझुओका शहरात भरभराटीला येत होते, आणि पुढे १९८० च्या जुलैत बंदाई कंपनीने ‘गंडाम’ या ॲनिमेतील यंत्रमानवाची १/१४४ प्रमाणातील प्रतिकृती ३०० येनांना बाजारात आणली तेव्हा तिच्यासाठी दुकानांपुढे मुलांच्या रांगा लागल्या. परंतु कारखान्याचा पोलादी साचा फार खर्चाचा. तो खर्च भरून निघायचा तर हजारो प्रती खपल्या पाहिजेत, आणि तितका खप होईल अशी पात्रे नेहमी मोजकीच असतात. ज्यांचे मन एखाद्या दुय्यम पात्रावर, जुन्या चित्रपटातील एखाद्या राक्षसावर अथवा इतरांच्या लक्षातही न राहिलेल्या एखाद्या नायिकेवर जडलेले होते, त्यांनी करावे काय? त्यांनी ती स्वतःच घडविली. मातीचा अथवा पुटीचा नमुना करावयाचा, त्याच्याभोवती सिलिकॉन रबर ओतून साचा घ्यावयाचा, आणि दोन द्रव एकत्र करताच काही मिनिटांत घट्ट होणारे रेझिन त्या साच्यात भरावयाचे, हा सारा उद्योग घराच्या एका खोलीत होऊ शकतो. म्हणूनच त्याला ‘गॅरेज किट’ हे नाव पडले. रबराचा साचा थोड्याच प्रतींनंतर फाटू लागतो, त्यामुळे प्रती कमी निघतात आणि प्रत्येक प्रतीवर करणाऱ्याच्या हाताची खूण अधिक ठळक राहते.

ओसाकातील काही विज्ञानकथाप्रेमी तरुणांनी १९८२ मध्ये ‘जनरल प्रॉडक्ट्स’ नावाचे दुकान काढले; याच मंडळींमधून पुढे ‘गायनॅक्स’ ही चित्रसंस्था निघाली, जिने १९९५ मध्ये ‘इव्हँगेलियन’ ही मालिका निर्माण केली. हौशी कारागिरांना आपले काम परस्परांना दाखविता यावे आणि विकता यावे म्हणून त्यांनी १९८५ मध्ये टोकियोत ‘वंडर फेस्टिव्हल’ नावाचा मेळा भरविला. १९९२ पासून त्याची व्यवस्था काइयोदोकडे आली, आणि आज तो वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, टोकियोनजीक माकुहारी येथील विस्तीर्ण सभागृहांत भरतो.

या मेळ्यातील एक व्यवस्था मला व्यवहारबुद्धी आणि रसिकता यांच्या सख्याचा उत्कृष्ट नमुना वाटते, म्हणून तिचा तपशील देतो. पात्र कोणाच्या तरी मालकीचे असते. त्यावर चित्रकाराचा, प्रकाशकाचा अथवा चित्रसंस्थेचा हक्क असतो, आणि परवान्यावाचून त्याची मूर्ती विकणे कायद्याविरुद्ध आहे. कारखानदाराजवळ परवाने मिळविण्यासाठी वकील असतात, दफ्तर असते. पण आपल्या खोलीत वीस प्रती ओतणाऱ्या विद्यार्थ्याने कोणाच्या दारात उभे राहावे? यावर तोड म्हणून ‘त्या दिवसापुरता परवाना’ ही पद्धत निघाली. मेळ्याच्या काही महिने आधी कारागीर व्यवस्थापकांकडे अर्ज करतो, आपल्या नमुन्याची छायाचित्रे, विकावयाच्या प्रतींची संख्या आणि किंमत कळवितो. व्यवस्थापक ते सारे हक्कधारकाकडे रुजू करतात. मंजुरी आली की ठरलेला मोबदला भरून कारागिराला ती मूर्ती मेळ्याच्या आवारात आणि मेळ्याच्याच दिवशी विकण्याचा अधिकार प्राप्त होतो. सायंकाळी दारे बंद झाली की परवान्याची मुदत संपते. उरलेल्या प्रती दुसऱ्या दिवशी विकता येत नाहीत. हक्कधारकाची मालकी अबाधित राहते, हौशी कारागिराला चोरट्यासारखे वावरावे लागत नाही, आणि गिऱ्हाईकाला ठाऊक असते की आज घेतली नाही ती मूर्ती पुन्हा दृष्टीस पडेलच असे नाही. मेळ्याबाहेर सकाळी ज्या प्रचंड रांगा लागतात त्यांचे हे एक कारण आहे. पुढे नामांकित झालेले कित्येक कारागीर याच मेळ्यातील एखाद्या लहानशा मेजामागे लोकांना प्रथम दिसले.

सर्वसाधारण जपानी माणसाच्या घरात मात्र ही कला शिरली ती चॉकलेटच्या वाटेने. फुरुता या मिठाईच्या कंपनीने १९९९ मध्ये ‘चोको एग’ या नावाने चॉकलेटची अंडी काढली आणि त्यांच्या पोटात काइयोदोकडून घडवून घेतलेले जपानातील प्राणी ठेवले. शिनोबू मात्सुमुरा या प्राणिशिल्पकाराने घडविलेले ते इवलेसे सरडे, पक्षी आणि मासे इतके जिवंत उतरले होते की नोकरदार प्रौढ माणसेसुद्धा ती अंडी पेट्या भरभरून विकत घेऊ लागली. त्याच सुमारास या कलेची वर्दी अगदी निराळ्या दरबारातही पोचली होती. ताकाशी मुराकामी या चित्रकाराने काइयोदोतील ‘बोमे’ या कारागिराच्या साहाय्याने १९९७ मध्ये ॲनिमे पद्धतीची, उपाहारगृहात वाढणाऱ्या तरुणीची एक पुरुषभर उंचीची मूर्ती घडविली. ‘मिस को’ या नावाने ओळखली जाणारी ती मूर्ती २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,६७,५०० डॉलरना गेली. या किमतीमुळे कलेचा दर्जा वाढला असे मी मानत नाही. दर्जा बोमेच्या बोटांत आधीपासून होताच.

गॅरेज किट विकत घेणाऱ्याला ते जोडणे, घासणे आणि रंगविणे स्वतः करावे लागे, आणि ते सर्वांना साधत नसे. चीनमधील कारखान्यांत हाताने रंगवून तयार मूर्ती माफक किमतीत मिळू लागल्यावर छंदाचे दार खऱ्या अर्थाने उघडले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या ‘गुड स्माइल कंपनी’ने २००६ मध्ये ‘नेंदोरोइड’ ही मालिका आरंभिली: सुमारे दहा सेंटिमीटर उंची, देहाच्या मानाने फार मोठे मस्तक, आणि बदलता येणारे चेहरे. तिचे क्रमांक आता २००० च्या पुढे गेलेले आहेत. याउलट ‘स्केल’ म्हणविल्या जाणाऱ्या मूर्ती पात्राच्या उंचीशी प्रमाण राखून घडविलेल्या असतात. साप्पोरोतील क्रिप्टन कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी गाणारा कृत्रिम आवाज विकावयास काढला आणि त्या आवाजाला ‘हात्सुने मिकू’ ही चित्ररूप तरुणी दिली. तिची अधिकृत उंची १५८ सेंटिमीटर, म्हणून १/८ प्रमाणात ती वीस सेंटिमीटरांच्या जवळपास आणि १/७ प्रमाणात साडेबावीसच्या आसपास येते. मिकूला ना कथा आहे ना इतिहास. आहे तो फक्त आवाज, आणि घोट्यापर्यंत पोचणाऱ्या दोन लांब शेंड्या. चित्रात त्या वाऱ्यावर उडतात. मूर्तीत त्यांना वजन असते, ते वजन मानेवर येते, मानेतून कमरेवर, आणि कमरेतून एका नाजूक घोट्यावर. तो भार पेलून ती उडती भासावी यासाठी कारागिराला शिल्पशास्त्राइतकाच स्थितिशास्त्राचाही विचार करावा लागतो.

जपानीत या कारागिराला ‘गेंकेइशी’ म्हणतात, म्हणजे मूळ नमुना घडविणारा. पूर्वी तो मातीत आणि पुटीत काम करी, आता पुष्कळजण संगणकाच्या पडद्यावर घडवितात आणि यंत्राकडून त्याची घन प्रत काढून घेतात. साधन बदलले तरी प्रश्न तोच राहतो. ॲनिमेतील मुखावर नाक बहुधा एका ठिपक्याएवढे असते, आणि बाजूने पाहिलेला चेहरा समोरच्या चेहऱ्याशी जुळतोच असे नाही. डोळे इतके मोठे की खऱ्या कवटीत ते मावणार नाहीत. गेंकेइशी गालाचा उतार, कपाळाचा फुगवटा आणि हनुवटीचे टोक अशा बेताने ठेवतो की फिरत्या नजरेला कोठेही धक्का बसू नये. नमुना मान्य झाला म्हणजे रंगारी एक प्रत रंगवितो आणि कारखान्यातील प्रत्येक मूर्ती तिच्याशी ताडून पाहिली जाते. मग साच्याची कठोर अट येते. पोलादी साचा दोन बाजूंनी उघडतो, आणि त्यात अडकेल असा एकही बाक चालत नाही. यास्तव वाऱ्यावर विस्कटलेले केस दहा-पंधरा तुकड्यांत विभागावे लागतात आणि तुकड्यांचे सांधे बटेखाली, पट्ट्याखाली, झग्याच्या चुणीत लपवावे लागतात. डोळे बहुधा कुंचल्याने रंगवीत नाहीत. कोरीव पट्टीवरची शाई सिलिकॉनच्या मऊ गादीने उचलून ती गादी वक्र चेहऱ्यावर दाबतात, प्रत्येक रंगासाठी निराळा दाब. एका दाबात केसभर चूक झाली तर मूर्तीची नजर तिरळी होते आणि सगळे शिल्प वाया जाते. चांगल्या मूर्तीची किंमत ऐकून स्तब्ध होणाऱ्यांनी तिचे डोळे एकदा भिंगाखाली पाहावेत अशी माझी विनंती आहे.

व्हिडिओ गेमकडे वळले म्हणजे हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. मूर्तिकाराजवळ चित्रकारापेक्षा एक परिमाण अधिक असते. जुन्या खेळांच्या चित्रकाराजवळ जवळजवळ काहीच नसे. १९८१ मध्ये शिगेरू मियामोतो यांना ‘डाँकी काँग’ या खेळासाठी एक नायक काढावयाचा होता आणि त्यांना मिळालेली जागा होती आडवे सोळा व उभे सोळा ठिपके, रंग तीन. एवढ्या ठिपक्यांत केस धड दिसत नाहीत, आणि उडी मारताना ते हलवून दाखविता येत नाहीत, म्हणून त्यांनी त्याला टोपी घातली. तोंड काढावयास जागा नव्हती, म्हणून मोठ्या नाकाखाली मिशी ठेवली. धावताना हात अंगापासून वेगळे ओळखू यावेत म्हणून खांद्यावर पट्टे असलेला निराळ्या रंगाचा पेहराव दिला. पुढे ‘मारिओ’ या नावाने साऱ्या जगाला परिचित झालेल्या माणसाच्या वेषातील एकही वस्तू निव्वळ हौसेची नाही. प्रत्येक वस्तू अभावातून आलेली आहे.

निन्तेन्दो ही मियामोतो यांची कंपनी क्योतो शहरात १८८९ साली हानाफुदा नावाचे फुलांचे पत्ते तयार करण्यासाठी निघाली होती. तिने १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येन किमतीचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे यंत्र बाजारात आणले, आणि त्यावरचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. हा सबंध खेळ, त्यातील चित्रे, संगीत, बत्तीस टप्पे आणि सारे नियम, अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. आज भ्रमणध्वनीने काढलेले एक साधे छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा घेते. काटकसर किती, तर त्यातील आकाशात दिसणारा ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे. वर पांढरी, खाली हिरवी. मी तो खेळ अनेक वर्षे खेळल्यानंतर हे माझ्या ध्यानात आले, आणि त्या क्षणी मला जो आनंद झाला तो खेळ जिंकण्याच्या आनंदाहून मोठा होता.

महाराष्ट्रातील माझ्या पिढीला हा खेळ मूळ यंत्रावर पाहावयास मिळाला नाही. आपल्याकडे आली ती फॅमिली कॉम्प्युटरची नक्कल असलेली स्वस्त यंत्रे, आणि त्यांतील खेळाच्या पेटीला आपण ‘कॅसेट’ म्हणत असू. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारण्याचा शिरस्ता घरोघरी होता. वास्तविक फुंकरीतील ओलाव्याने तिचे धातूचे दात गंजतात, आणि ती पुन्हा चालू होई ते काढून पुन्हा बसविल्यामुळे. ज्यांच्याजवळ अशा कॅसेटी अजून असतील त्यांनी फुंकर मारू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजविलेल्या कापसाच्या काडीने ते दात हलक्या हाताने पुसावेत.

खेळातील सुख नेहमी वेगात असते असा एक समज आहे, तो मला मान्य नाही. २७ मे १९८६ रोजी निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये खेळाची स्थिती साठवून ठेवण्याची सोय नव्हती, खेळ थांबविताना पडद्यावर वीस जपानी अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ उमटे, खेळणाऱ्याने तो वहीत उतरवून घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा पुन्हा लिहावयाचा. एकमेकांसारखी दिसणारी दोन अक्षरे चुकली की कित्येक दिवसांचा पराक्रम व्यर्थ जाई. १९८८ मधील तिसऱ्या भागात पेटीच्या आत बॅटरी बसविली गेली आणि मंत्राची गरज संपली. परंतु ज्यांनी ते मंत्र वहीत उतरविले होते त्यांना त्या वहीचे मोल विचारून पाहावे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधील ‘स्लाइम’ हा क्षुद्र शत्रू रचनाकार यूजी होरिई यांनी चिखलाच्या ढिगासारखा रेखाटला होता. चित्रकार अकिरा तोरियामा यांनी त्याला अश्रुबिंदूसारखा टोकदार आकार आणि हसरे तोंड दिले, आणि तो या मालिकेचे बोधचिन्ह होऊन बसला. त्याची मूर्ती घडविणे मात्र सर्वांत सोपे, कारण तोरियामा यांची रेषा पहिल्यापासूनच वस्तूची जाडी मनात धरून चालते. त्यांच्या चित्रांना पाठ आहे असे मी म्हणेन.

जमविणे आणि खेळणे ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत हे ज्याने खेळातच सिद्ध केले तो म्हणजे सातोशी ताजिरी. टोकियोच्या उपनगरातील माचिदा येथे त्यांचे बालपण किडे धरण्यात गेले, आणि तेथील शेते व तळी इमारतींखाली नाहीशी होत गेलेली त्यांनी पाहिली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निघालेल्या त्यांच्या ‘पोकेमॉन’ खेळात शंभरावर प्राणी जमवावयाचे असतात, पण ‘लाल’ आणि ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्यांत ते अशा रीतीने वाटलेले आहेत की दुसऱ्या खेळाडूशी तार जोडून देवघेव केल्याखेरीज कोणाचाही संग्रह पुरा होत नाही. संग्राहक एकलकोंडा असतो असे ज्यांना वाटते त्यांनी या रचनेचा विचार करावा. २००१ मधील ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’च्या भागात तर खेळत असताना खेळातल्या खेळातच फिगर जमविता येतात, आणि जपानी आवृत्तीत त्यांना ‘फिगर’ हेच नाव आहे. २०१४ मध्ये निन्तेन्दोने ‘अमीबो’ काढून वर्तुळ पुरे केले: मूर्तीच्या तळात एक सूक्ष्म चकती असते, मूर्ती यंत्रावर टेकविली की खेळ तिला ओळखतो आणि खेळातील प्रगती तिच्यात लिहूनही ठेवतो.

या मूर्तींचा बाजार पाहावयाचा असेल त्याने टोकियोतील अकिहाबारा गाठावे. युद्धानंतर येथे रेडिओच्या सुट्या भागांचे फेरीवाले बसत. १९६२ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘रेडिओ काइकान’ इमारतीत नव्वदीच्या अखेरीस काइयोदोसारखी दुकाने आली आणि थोड्याच वर्षांत मजल्यामागून मजला फिगरांनी व्यापला. जुन्या वस्तूंसाठी मात्र मी टोकियोतीलच नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलाची शिफारस करीन, कारण १९८० पासून तेथे असलेल्या ‘मांदाराके’ या दुकानाच्या काचांआड ज्या मूर्ती दिसतात त्या एकदा कोणाच्या तरी घरी नांदून आलेल्या असतात.

मराठी संग्राहकाची वाट याहून खडतर आहे. भारतात खेळण्यांवरील आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे. साहजिकच दुकानात येणारी अस्सल मूर्ती महागते आणि बनावट मालाला वाव मिळतो. बनावट मूर्ती ओळखावयाची तर डोळ्यांची छपाई आणि केसांची टोके पाहावीत. जेथे अस्सल मूर्तीची बट सुईसारखी निमुळती होते तेथे बनावटीची बोथट असते.

आणखी एक अडचण आपल्या हवेची. मी घेतलेली पहिली स्केल मूर्ती खराब होऊ नये म्हणून खोक्यात बंद करून रत्नागिरीच्या घरी ठेवली होती. दोन पावसाळ्यांनंतर खोके उघडले तेव्हा तिचे सारे अंग चिकट झालेले होते आणि त्यावर धूळ बसलेली होती. दोष सर्वस्वी माझा होता. मूर्तीतील पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जो स्निग्ध पदार्थ मिसळतात तो उष्णतेने हळूहळू पृष्ठभागावर येतो, आणि बंद खोक्यात हवा खेळत नसल्याने तेथेच साचतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी ती धुतली तेव्हा पूर्ववत झाली. तेव्हापासून माझ्या सर्व मूर्ती खोक्याबाहेर, काचेच्या कपाटात, खिडकीच्या उन्हापासून दूर उभ्या आहेत; उन्हाने रंग उडतो आणि वैशाखातील उष्म्याने एका पायावर उभी असलेली मूर्ती पुढे झुकते, पण गरम पाण्यात घोटा मऊ करून सरळ केला आणि थंड पाण्यात धरला की तीही सावरते. भाव चढेल या आशेने मूर्ती खोक्यातून कधीच बाहेर न काढणारे लोक आहेत. मला ती वागणूक मूर्तीच्या शत्रूची वाटते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी मुलाने अथवा मुलीने अशी एखादी मूर्ती आणलेली असेल, तर ती एकदा मागून घ्यावी आणि समोरून पाहण्याऐवजी फिरवून पाठीकडून पाहावी: केसांचे सांधे कोठे लपविले आहेत, झग्याच्या मागच्या चुण्या कशा पडल्या आहेत, भार कोणत्या पायावर घेतला आहे. मग खोके हाती घेऊन त्याच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर पाहावा. पुष्कळ खोक्यांवर तेथे गेंकेइशीचे नाव छापलेले असते. ते मुलाकडून वाचवून घ्यावे.